एकाच जानेवारीतली माणसं : प्रस्तावना

जानेवारी महिना लागला की मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले आणि २४ जानेवारीला आल्प्समधल्या मों ब्लांवर होमी भाभांचं विमान आदळलं. मधे फक्त तेरा दिवस. पुढे प्रश्नचिन्हांची रांग. मजकूर लिहिणारा स्वतः कसलाही दावा करत नाही. ‘जरा विचार करा’ एवढं म्हणून मोकळा होतो. या पुस्तकाची कल्पना त्या मजकुराच्या कंटाळ्यातून निघाली. विचार करायचाच असेल तर नीट करू, असं वाटलं. दोनच मृत्यू का घ्यायचे? तो अख्खा महिना समोर मांडू, त्या एकतीस दिवसांत जगभरात आणखी कोण कोण गेलं ते पाहू, आणि मग काय ते ठरवू.

यादी करायला बसलो तर ती आवरेना. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल वर्षाच्या पहिल्याच दिवशी गेले. त्यानंतर आठवड्याभराने मुंबईत बिमल रॉय. ११ तारखेला, शास्त्रींच्याच दिवशी, स्वित्झर्लंडमध्ये शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती आणि हेलसिंकीत धावपटू हानेस कोलेह्माइनेन. १४ला मॉस्कोत सेर्गेई कोरोलेव. १५च्या पहाटे नायजेरियात लष्करी बंड झालं. त्यात पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा आणि दोन प्रांतांचे मुख्यमंत्री, अहमदू बेल्लो आणि सॅम्युएल अकिंतोला, मारले गेले. १६ला पुण्यात साधू वासवानी. २२ला हॉलिवुडचा हर्बर्ट मार्शल, ज्याचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला होता आणि जो लाकडी पाय लावून तीन-चार दशकं पडद्यावर रुबाबात वावरला. आणि २४ला भाभा.

महिना ही तशी कुणाच्याच आयुष्याशी नातं नसलेली चौकट. बस्टर कीटन १ फेब्रुवारीला गेला, एका दिवसाने हुकला. मराठी वाचकाला त्याहून मोठी उणीव जाणवेल ती सावरकरांची. ते २६ फेब्रुवारीला गेले, म्हणून या पुस्तकात नाहीत, आणि त्याबद्दल रागावणारी पत्रं येतील हे मी धरूनच चाललो आहे. पण चौकट एकदा आखली की ती पाळायची. नाहीतर आपल्याला हवे तेवढेच मृत्यू वेचायचे आणि त्यांतून हवा तो अर्थ काढायचा, हा रस्ता पुन्हा मोकळा होतो, आणि ज्या मजकुराला विटून निघालो त्याच्याच दारात परत येऊन उभे राहतो.

महिना पूर्ण मांडल्यावर या माणसांमध्ये काही गूढ नातं सापडलं का? नाही. सापडलं ते दुसरंच. काहींच्या मृत्यूची बातमी सरळ आली, छापली गेली, लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि पान उलटलं. काहींची बातमी अडली, दडली, तुकड्यातुकड्याने आली किंवा शेवटपर्यंत अर्धीच राहिली. आणि जिथं ती अर्धी राहिली तिथं साठ वर्षांनीही अफवा धडधाकट आहे. मृत्यूची बातमी कुणाच्या ताब्यात होती आणि त्याने त्यातली किती सोडली, हा या पुस्तकातल्या लेखांना जोडणारा धागा आहे. लेखकांना तो आधी सांगितलेला नव्हता. लेख हातात आल्यावर तो दिसला.

शास्त्रींपासून सुरुवात करू. १९६५च्या युद्धानंतर सोविएत पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांच्या मध्यस्थीने ४ जानेवारीला ताश्कंदमध्ये बोलणी सुरू झाली. भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण सोबत होते. १० तारखेला करारावर सह्या झाल्या. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं, असं ठरलं. म्हणजे जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यायची. शास्त्रींना हे मायदेशी पचवून घ्यावं लागणार होतं. त्या रात्री त्यांनी दिल्लीला घरी फोन केला, आणि घरच्यांनाही हा भाग रुचलेला नाही हे त्यांना कळलं, असं त्यांचे माध्यम सल्लागार कुलदीप नय्यर यांनी पुढे लिहिलं आहे. मध्यरात्रीनंतर १ वाजून ३२ मिनिटांनी ते गेले.

नय्यर पत्रकार होते, त्यामुळे हादरलेल्या अवस्थेतही त्यांनी पहिलं काम केलं ते दिल्लीतल्या वृत्तसंस्थेला फोन लावण्याचं. रात्रपाळीवरच्या माणसाला आधी ती थट्टाच वाटली, कारण शास्त्रींच्या संध्याकाळच्या भाषणाची बातमी त्याने नुकतीच पुढे पाठवली होती. सकाळी ताश्कंदच्या विमानतळावर शवपेटीला खांदा देणाऱ्यांत कोसिगिन होते आणि पाकिस्तानचे अयुब खानही होते. चार महिन्यांपूर्वी ज्याच्या रणगाड्यांशी लढलो त्याच्याच खांद्यावरून आपला पंतप्रधान घरी निघाला, हे दृश्य भारतीय वर्तमानपत्रांना शब्दांत पकडता आलं नाही. छायाचित्राने ते काम केलं.

शवविच्छेदन मात्र झालं नाही. ताश्कंदमध्ये नाही, दिल्लीतही नाही. शास्त्रींना हृदयविकाराचे झटके आधी येऊन गेले होते, त्यांचे डॉक्टर चुघ सोबतच होते, डॉक्टरांनी सह्या केलेला अहवालही आहे. साठी ओलांडलेला, हृदयाचा जुना रोगी, आठवडाभर रोज ताणाखाली असलेला माणूस झोपेच्या वेळी झटक्याने जातो, यात वैद्यकाला चक्रावून टाकणारं काही नाही. मला स्वतःला सरकारी कारण खरं वाटतं. पण घरच्यांनी पार्थिवावर निळसर डाग पाहिले, विचारलं, आणि त्यांना नीट उत्तर मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे. २००९मध्ये माहितीच्या अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने कळवलं की या मृत्यूसंबंधी आपल्याकडे एक गोपनीय कागद आहे, पण परदेशांशी संबंध बिघडतील म्हणून तो देता येणार नाही. हा निर्णय घेणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. एका न दाखवलेल्या कागदाने जेवढी पुस्तकं आणि सिनेमे पोसले, तेवढे दाखवलेल्या शंभर कागदांनी पोसले नसते.

या गदारोळात शास्त्रींची एकोणीस महिन्यांची कारकीर्द झाकली जाते, याचं अधिक वाईट वाटतं. ऑक्टोबर १९६४मध्ये ते गुजरातमध्ये आणंदजवळच्या एका खेड्यात रात्रभर शेतकऱ्याकडे मुक्कामाला राहिले, दूध संघ कसा चालतो ते गावकऱ्यांना विचारून घेतलं, आणि त्यातून पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. अन्न महामंडळ त्याच काळातलं. मेक्सिकन गव्हाच्या बियाण्यावर भरवसा ठेवणाऱ्या सी. सुब्रमण्यम यांना शेतीखातं देणारेही शास्त्रीच. त्यांच्यावरच्या लेखाने त्या शेवटच्या रात्रीला दीड पान दिलं आहे आणि बाकीची सगळी पानं धान्याला आणि दुधाला. लेखकाशी याबाबत माझा वाद झाला नाही, उलट आनंदच झाला.

त्याच ११ जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या कूर गावच्या इस्पितळात जाकोमेत्ती गेला. पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया १९६३मध्येच झाली होती, धूम्रपान अखंड चालू होतं, फुप्फुसं आणि हृदय थकलं होतं. आदल्या वर्षी लंडन, न्यूयॉर्क आणि डेन्मार्कमध्ये त्याची मोठी प्रदर्शनं भरली होती, म्हणजे कीर्ती शिखरावर होती. तरी पॅरिसमधला त्याचा स्टुडिओ चाळीस वर्षं तोच राहिला: एक कोंदट, धुळीने पांढरी झालेली खोली. दुसऱ्या महायुद्धात तो जिनिव्हात अडकला तेव्हा त्याचे पुतळे लहान होत होत काडेपेटीत मावतील एवढे झाले. युद्धानंतर ते उंच झाले, पण इतके बारीक की माणूस चालताना वाऱ्याने झिजत गेला असावा असं वाटतं. त्यातला एक चालणारा माणूस २०१० साली लंडनच्या लिलावात साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास गेला. जाकोमेत्ती असता तर त्याने तो पुतळा परत मागून पुन्हा मोडला असता, अशी मला शंका आहे. जमलं नाही म्हणून मोडणं हा त्याचा रोजचाच उद्योग होता.

त्याच्या मृत्यूभोवती एकही अफवा नाही. कारण लपवायला कुणी नव्हतं आणि लपवण्यासारखं काही नव्हतं. जी गोष्ट सांगितली जाते ती त्याचा भाऊ दिएगो याची. चाळीस वर्षं तो आल्बेर्तोचा सहायक, ओतारी, मॉडेल, सगळं काही होता. भाऊ गेल्यावर तो पॅरिसच्या त्या स्टुडिओत शिरला तेव्हा मातीतला शेवटचा अपुरा पुतळा ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता आणि थंडीने गोठला होता. बर्फ तसंच वितळलं असतं तर माती फुटली असती. दिएगोने शेगडी पेटवली, सावकाश उबेवर तो पुतळा वाचवला आणि मग धातूत ओतला. शोक कसा करावा याचं उत्तर काहींना हातांतच सापडतं.

कोलेह्माइनेनबद्दल फार लिहायचं कारण नाही, लेख पुरेसा आहे. एवढंच नोंदवतो की १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली तेव्हा फिनलंड रशियाच्या अमलाखाली होता आणि त्याच्या विजयासाठी झेंडा चढला तो रशियाचा. पुढे तो अमेरिकेत गवंडीकाम करत राहिला, १९२०मध्ये स्वतंत्र फिनलंडसाठी मॅरेथॉन जिंकला, आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्टेडियमच्या मनोऱ्यावरची ज्योत त्यानेच पेटवली. त्याच हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. सातारा जिल्ह्याच्या वाचकाला कोलेह्माइनेन एवढा तरी जवळचा वाटायला हरकत नसावी.

शास्त्रींना जाऊन तीन दिवस होत नाहीत तोच त्याच सोविएत देशात दुसरा मृत्यू झाला, आणि त्याची बातमी अगदी उलट पद्धतीने वागली. सेर्गेई पावलोविच कोरोलेव या नावाचा माणूस आहे, हेच तोवर सोविएत जनतेला माहीत नव्हतं. स्पुटनिक त्याचा, लायका कुत्रीला नेणारं यान त्याचं, गागारिनला नेणारा अग्निबाण त्याचा, लिओनोव्ह यानाबाहेर तरंगला ते यानही त्याचं. वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख यायचा तो फक्त ‘मुख्य आराखडाकार’ असा. ‘प्रावदा’त तो लेख लिही, पण खाली नाव असे प्रोफेसर के. सेर्गेयेव. जगभर ज्याच्या कामाचे सोहळे झाले तो माणूस त्या सोहळ्यांत कुठल्याच छायाचित्रात नव्हता.

या माणसाला १९३८मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी घातपाती म्हणून पकडलं होतं. चौकशीत मारहाण, मग कोलिमाची सोन्याची खाण, उपासमार, गळून पडलेले दात. युद्ध जवळ आलं तेव्हा विमानांचे आराखडे करायला त्याला तुरुंगातल्याच एका कार्यालयात आणून बसवलं. सुटका झाली १९४४ला. आणि ज्या राजवटीने हे केलं तिच्यासाठी त्याने पुढे आकाश उघडून दिलं. मरणाच्या थोडे दिवस आधी वाढदिवसाच्या रात्री पाहुणे गेल्यावर गागारिन आणि लिओनोव्ह मागे राहिले, आणि त्या दोघांना कोरोलेवने छावणीची सगळी हकीकत पहिल्यांदा सांगितली. लिओनोव्हने हे पुढे लिहून ठेवलं आहे. अवकाशात जाऊन आलेली ती दोन माणसं त्या रात्री काय ऐकून घरी गेली असतील, याची कल्पना करत मी बराच वेळ बसलो होतो.

१४ जानेवारीची शस्त्रक्रिया किरकोळ मानली गेली होती. चाकू होता खुद्द आरोग्यमंत्र्यांच्या हातात. बोरिस पेत्रोव्स्की नामवंत शल्यचिकित्सक होते. पोट उघडल्यावर मोठी गाठ निघाली, शस्त्रक्रिया लांबली, हृदय थकलं. तुरुंगात मोडलेल्या जबड्यामुळे घशात नळी घालणं जड गेलं, असंही सांगितलं जातं. ते खरं असेल तर १९३८चा मार १९६६ला लागू पडला म्हणायचा. १६ तारखेला ‘प्रावदा’ने छायाचित्रासह मृत्युलेख छापला आणि देशाला एकदम कळलं की असा एक माणूस आपल्याकडे होता. १८ला क्रेमलिनच्या भिंतीत अस्थी ठेवल्या गेल्या. ३ फेब्रुवारीला त्याच्या कार्यालयात आखलेलं लूना-९ चंद्रावर अलगद उतरलं.

मराठी मृत्युलेखांत ‘न भरून येणारी पोकळी’ हमखास असते आणि ती पुढच्या आठवड्यात बहुधा भरूनही येते. कोरोलेवच्या बाबतीत ती पोकळी मोजून दाखवता येते. १९६७मध्ये सोयुझ-१ घेऊन गेलेला कोमारोव्ह परतताना मेला. चंद्रावर माणूस नेण्यासाठी बांधलेला एन-१ अग्निबाण १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडाला आणि चारही वेळा फसला. तो जगता तर रशियन माणूस आधी चंद्रावर गेला असता का, असा प्रश्न लेखकाने घेतला आहे आणि उत्तर सावधपणे ‘बहुधा नाही’ असं दिलं आहे. पैसा आणि कार्यालयांतली भांडणं तो असतानाही होतीच. मला ते पटतं. पण कोरोलेवला पुरता झाकून ठेवणाऱ्या व्यवस्थेने स्वतःचंच नुकसान केलं, हेही लेखात आलं असतं तर बरं झालं असतं. ज्याचं नावच काढता येत नाही त्याच्या जागी पुढे कोण, हा प्रश्न चारचौघांत विचारता येत नाही.

नायजेरियात बातमी दडवण्याची गरजच पडली नाही. ती कुणाकडे नव्हतीच. बालेवा मूळचे शिक्षक, बावचीच्या बाजूचे. हौसा भाषेत त्यांनी गुलामगिरीवर ‘शैहू उमर’ नावाची एक छोटी कादंबरी लिहिली होती. १९६०ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान तेच. जानेवारी १९६६च्या दुसऱ्या आठवड्यात लागोसमध्ये राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद भरली, लंडनबाहेर पहिल्यांदाच. विषय होता ऱ्होडेशिया: इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने नोव्हेंबरात परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. ब्रिटनचे हॅरोल्ड विल्सन आले होते. यजमान बालेवा. जगाला सलोखा शिकवून पाहुणे परतले, आणि १५च्या पहाटे काही तरुण मेजर बंदुका घेऊन निघाले. काडुनात बेल्लो, इबादानमध्ये अकिंतोला, लागोसमध्ये अर्थमंत्री ओकोटी-एबो. पंतप्रधानांना घरातून उचलून नेलं.

सहा दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हे देशाला कळलं नाही. मग लागोसबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांचं प्रेत सापडलं. गोळी घातली की दम्याने गेले, यावर आजही तिथं वाद होतो. पण त्याहून घातक वाद वेगळाच होता. बंडवाल्यांत बहुतेक जण इग्बो, मेलेले नेते बहुतेक उत्तरेचे आणि पश्चिमेचे. सत्ता हाती घेतलेल्या लष्करप्रमुखाने, इरोन्सीने, स्पष्ट काही सांगितलं नाही, खटला चालवला नाही, आणि ती मोकळी जागा ‘हा इग्बोंचा कट’ या वाक्याने भरून गेली. जुलैत उलटं बंड झालं, इरोन्सी मारला गेला. त्या वर्षी उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या आणि १९६७मध्ये बियाफ्राचं युद्ध पेटलं.

यात चिनुआ अचेबेची एक कथा आहे, जी या पुस्तकाच्या विषयावर इतकी नेमकी बसते की मुख्य लेखात ती तळटिपेत घातलेली पाहून मी ती इथं उचलून आणतो आहे. ‘अ मॅन ऑफ द पीपल’ ही त्याची कादंबरी त्याच जानेवारीत बाहेर आली. भ्रष्ट पुढाऱ्याची गोष्ट, आणि शेवटी लष्करी बंड. कादंबरी छापून यायला किती महिने लागतात हे कुणी मोजलं नाही. जुलैच्या बंडानंतर शिपायांनी त्याला शोधायला सुरुवात केली: शेवट आधीच लिहिलास, म्हणजे कट तुला ठाऊक होता. अचेबे लागोस सोडून निसटला. तारखा जुळल्या म्हणजे पुरावा मिळाला, असं मानणाऱ्यांच्या हाती बंदूक असली की काय होतं, ते त्या वर्षी नायजेरियाने पाहिलं. आपल्याकडे सुदैवाने मोबाईलच असतात.

आता भाभा. शास्त्रींनंतर गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले. १९ जानेवारीला काँग्रेस संसदीय पक्षाने मोरारजी देसाईंविरुद्ध इंदिरा गांधींना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडलं, आणि २४ला त्यांचा शपथविधी झाला. त्याच सकाळी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ मुंबई, दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होतं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीला निघाले होते. विमान मों ब्लांच्या माथ्याजवळ सुमारे ४,७५० मीटर उंचीवर आदळलं. आत ११७ माणसं होती, एकही वाचलं नाही.

फ्रेंच चौकशीचं म्हणणं कोरडं आहे आणि म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतं. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बैरूतपासूनच बंद होतं. वैमानिकाला वाटलं की आपण मों ब्लां ओलांडला. जिनिव्हाच्या रडारवरच्या नियंत्रकाने पर्वत अजून पाच मैल आहे अशा अर्थाचं काही सांगितलं, वैमानिकाने ते उलटं ऐकलं किंवा उलटं समजलं, आणि विमान खाली यायला लागलं. पुढे कुणा अमेरिकी गुप्तहेराच्या तोंडची म्हणून एक बढाई एका पुस्तकात छापली गेली आणि आपल्या मजकुरांना नवं बळ मिळालं. त्या मजकुरांत एक गोष्ट कधीच येत नाही. ३ नोव्हेंबर १९५०ला एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ याच पर्वतावर, जवळजवळ याच जागी, जिनिव्हाला जातानाच आदळलं होतं आणि ४८ जण गेले होते. त्यात अणुशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून कट नव्हता.

दुसरा मुद्दा साधा आहे. भाभांना मारून भारताची अणुशक्ती थांबवायची होती, असं मानलं तरी ती थांबली नाही. विक्रम साराभाईंनी सूत्रं घेतली, तुर्भ्याच्या केंद्राला १९६७मध्ये भाभांचं नाव दिलं गेलं, १९७४ला पोखरणला स्फोट झाला. संस्था बांधणाऱ्या माणसाचं मोजमाप याच गोष्टीत आहे की तो नसताना त्या चालतात. १९३९मध्ये केंब्रिजहून सुट्टीला आलेला हा तरुण युद्धामुळे अडकला, बंगळुरूत रामन यांच्याकडे राहिला, १९४५मध्ये टाटा संशोधन संस्था उभी केली, आणि कुलाब्याच्या त्या इमारतीच्या भिंतींवर हुसेनचं भित्तिचित्र आणि समकालीन चित्रकारांची चित्रं लावली. स्वतः उत्तम रेखाटनं करायचा, पाश्चात्त्य संगीताचा दर्दी होता. अशा माणसाची ओळख ‘ज्याचा खून झाला तो’ एवढीच उरावी हा त्याच्यावर अन्याय आहे. भाभांवरच्या लेखात अप्सरा अणुभट्टीला जेवढी जागा आहे तेवढीच चित्रांना आहे, ती मुद्दाम.

मों ब्लांवरची बोसों हिमनदी मात्र आपल्या गतीने त्या सकाळचा हिशेब देत राहिली आहे. २०१२मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैली वर आली. २०१३मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमण्यांची पेटी मिळाली. त्याने ती पोलिसांकडे दिली आणि पुढे २०२१मध्ये निम्मे खडे त्याला आणि निम्मे शामोनी गावाला मिळाले. २०२०च्या जुलैत बर्फातून भारतीय वर्तमानपत्रं निघाली, वाचता येण्याजोगी, आणि पहिल्या पानावर इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी. शास्त्रींच्या मृत्यूमुळे छापली गेलेली बातमी भाभांच्या विमानात होती. तारखांचा खेळच हवा असेल तर हा घ्या. यात निदान कुणावर आळ येत नाही.

उरलेल्यांपैकी बिमल रॉय यांच्यावरचा लेख मला सगळ्यात आवडतो आणि त्याविषयी सांगावं असं फारसं काही नाही. ‘दो बिघा जमीन’, ‘मधुमती’, ‘बंदिनी’ मराठी घरांना सांगायला नकोत. कुंभमेळ्यावरच्या समरेश बसूंच्या कादंबरीवर त्यांना चित्रपट काढायचा होता, तो राहिला. गुलजारांनी त्याबद्दल लिहिलेलं आहे. साधू वासवानींच्या नावाचा चौक पुणेकर रोज ओलांडतो. फाळणीत सिंध सुटलेल्या या वृद्धाने सत्तरीत नव्या शहरात शाळा आणि सेवेचं काम पुन्हा पहिल्यापासून उभं केलं, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, ते त्या लेखाच्या वाचनानंतर कळेल. ओरिओल यांच्यावरचा लेख थोडा शाळेच्या पुस्तकासारखा झाला आहे. तो ठेवला, कारण पहिल्या तारखेला दुसरं कुणी सापडेना. हर्बर्ट मार्शलवर लिहायला कुणी तयार झालं नाही.

लेखांचा क्रम मृत्यूच्या तारखेने लावलेला नाही, बातमी जगाला कळली त्या दिवसाने लावला आहे. त्यामुळे कोरोलेव १६ तारखेला वासवानींच्या शेजारी येतो आणि बालेवा त्यांच्याही नंतर. रशियन, हौसा, फिनिश नावं उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत. जिथं मराठीत दुसरं रूप रुळलेलं होतं तिथं तेच ठेवलं. ‘कांचनजंगा’वरच्या बाकीच्या ११६ जणांवर लेख नाहीत, आणि लागोस-काडुनात त्या पहाटे मेलेल्या पहारेकऱ्यांवरही नाहीत. नामवंत असण्याची अट आम्हीच घातली होती.

वाचकाने हवं तिथून सुरुवात करावी. मला विचाराल तर आधी कोलेह्माइनेन वाचा. लेख सगळ्यांत छोटा आहे, आणि त्यात धावणं चौदा पानं आहे, मरण एक ओळ.